हंडा जड होत नाही



आमच्या गटाच्या मासिक बैठकीत हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या, की निघायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं इकडच्या तिकडच्या गप्पा होतात. खरी बैठक तीच, असं आम्हाला पुष्कळदा वाटतं. अशाच एका बैठकीत उठताना एका ताईंनी एक हात जमिनीला टेकला, दुसरा शेजारणीच्या खांद्यावर ठेवला आणि उभं राहता राहता म्हणाल्या, "बायांनो, जन्मभर हंडे उचलले, खताच्या पाट्या उचलल्या, वैरणीचे भारे आणले. वजन उचलून अंग कमावतं म्हणतात, तर मी आत्तापर्यंत पैलवान व्हायला हवी होते. आणि मला साधं भुईवरनं उठता येईना!"

सगळ्या हसल्या. पण घरी जाताना प्रत्येकीच्या डोक्यात तोच प्रश्न होता. ताईंचं वय अवघं 52. आज हात टेकावा लागतो, उद्या उठायला माणूस लागेल, परवा न्हाणीत पाय घसरला तर काय, ही भीती आमच्यातल्या निम्म्याजणींच्या घरात सासूच्या नाहीतर आईच्या रूपाने बसलेलीच आहे. म्हणून आम्ही या प्रश्नाचा माग काढायचं ठरवलं. वाचत गेलो तसं कळलं, की या प्रश्नाला चांगला अडीच हजार वर्षांचा इतिहास आहे.

सुरुवात एका गोष्टीपासून होते. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात दक्षिण इटलीतल्या क्रोटोन या ग्रीक गावात मिलो नावाचा मल्ल होऊन गेला. ऑलिंपिकमध्ये त्याने पुन्हा पुन्हा कुस्ती जिंकली, हा इतिहास. त्याने एक लहान वासरू रोज खांद्यावर घेऊन चालायला सुरुवात केली, वासरू वाढत गेलं तशी त्याची ताकद वाढत गेली आणि शेवटी तो पुरा वाढलेला बैल उचलू लागला, ही दंतकथा. बैलाचं जाऊ द्या. गोठ्यात वावरणाऱ्या कुणाही बाईला कळेल, की वासरू ज्या वेगाने वाढतं त्या वेगाने माणसाचं बळ वाढत नाही, आणि कुठेतरी ते थांबतंच. पण गोष्टीतलं बीज खरं आहे. ओझं रोज थोडं थोडं वाढत होतं.

आता आपल्या हंड्याकडे बघा. लग्न होऊन आलो तेव्हा पंधरा लिटरचा होता, आजही पंधरा लिटरचाच आहे. पहिल्या महिन्यात मान आणि कंबर भरून आली होती. मग अंगाला सवय झाली. सवय झाली याचाच अर्थ शरीराने त्या ओझ्यापुरती तयारी केली आणि पुढे काही करायचं थांबवलं. त्यानंतरची वीस-पंचवीस वर्षं हंड्याने आपल्याला दमवलं, झिजवलं, पण वाढवलं नाही.

स्नायू वाढतो म्हणजे आत नेमकं काय होतं, याचा पहिला चांगला पुरावा 1897 साली मिळाला. इटलीतल्या मोरपुर्गो नावाच्या शास्त्रज्ञाने कुत्र्यांच्या एका बाजूच्या मांडीतला स्नायू काढून तपासला, मग त्यांना चाकामध्ये खूप पळवलं आणि नंतर दुसऱ्या बाजूचा तोच स्नायू तपासला. प्रयोग वाचताना आम्हाला त्या मुक्या जनावरांचं वाईट वाटलं, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्याला दिसलं ते असं: स्नायू जाड झाला होता, पण त्यातले तंतू होते तेवढेच होते. प्रत्येक तंतू मात्र जाडजूड झाला होता. दोरीला नवे पेड लागले नव्हते, आहेत तेच पेड भरले होते. ढोबळमानाने आजही हेच खरं मानतात.

आपल्याकडे हे शास्त्र प्रयोगशाळेत नव्हतं, तालमीत होतं. जोर, बैठका, मल्लखांब, दोर चढणं, दगडी नाल उचलणं, मुद्गल फिरवणं. पोरगा तालमीत गेला की वस्ताद बैठकांची संख्या हळूहळू वाढवत नेत. त्याबरोबर खुराक ठरलेला: दूध, तूप, बदाम. मालीश ठरलेलं आणि दुपारची झोपही ठरलेली. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले, ते याच मातीतून. म्हणजे आपल्या माणसांना तिन्ही गोष्टी ठाऊक होत्या: कष्ट वाढवत नेणं, खाणं आणि विश्रांती. फक्त तालमीच्या दारातून बाई आत जात नव्हती. त्याच काळात उत्तरेतल्या हमीदा बानू पुरुष पैलवानांना आव्हान देत फिरत होत्या. 1954 साली बडोद्यात त्यांनी बाबा पैलवानांना 1 मिनिट 34 सेकंदांत चीत केल्याची बातमी होती. पुण्यात ठरलेली त्यांची कुस्ती मात्र स्थानिक विरोधामुळे होऊ शकली नाही. बाईच्या वाट्याला कष्ट आले, पण खुराक आणि दुपारची झोप घरातल्या पैलवानाकडेच राहिली.

आता ज्याने हे सगळं शास्त्रात बसवलं, त्या माणसाकडे येऊ. थॉमस डीलॉर्म हा अमेरिकन डॉक्टर. लहानपणी त्याला संधिज्वर झाला आणि तो कित्येक महिने अंथरुणाला खिळला. उठल्यावर त्याने जमवाजमव करून घरच्या घरी वजनं बनवली आणि स्वतःचं अंग कमावलं. पुढे दुसऱ्या महायुद्धात तो शिकागोच्या गार्डिनर लष्करी रुग्णालयात कामाला लागला. तिथे पाय मोडलेले, गुडघे गेलेले सैनिक शेकड्यांनी येत होते. मोडलेलं हाड जुळायचं, पण प्लास्टर काढल्यावर मांडी काठीसारखी झालेली असायची. तेव्हाची पद्धत अशी, की अशा पायाला अगदी हलकं ओझं द्यायचं आणि पुष्कळ वेळा हलवायला लावायचं. महिने जायचे आणि खाटा रिकाम्या होत नसत.

डीलॉर्मने उलट केलं. रुग्ण जेमतेम 10 वेळा उचलू शकेल एवढं वजन त्याने शोधलं. पावलाला लोखंडी बूट बांधायचा, त्यावर वजन चढवायचं आणि पाय सरळ करायचा. अशा 10 वेळांच्या 7 ते 10 फेऱ्या. आठवड्याने पुन्हा पारख करायची आणि जमत असेल तर वजन वाढवायचं. सैनिकांच्या मांड्या भरायला लागल्या. 1945 साली त्याने हे छापलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं होतं, की हलकं ओझं खूप वेळा उचललं तर दम वाढतो आणि जड ओझं थोड्या वेळा उचललं तर ताकद वाढते. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही.

हे वाक्य आम्ही बैठकीत दोनदा वाचलं. आपलं सगळं आयुष्य पहिल्या अर्ध्यात गेलंय, बायांनो. खुरपणी, कापणी, भांडी, धुणं: हलकं काम हजार वेळा. त्यामुळे आपल्याला दम आहे. सकाळी पाच ते रात्री दहा आपण चालत राहतो. पण मांडीत ताकद नाही आणि भुईवरून उठायला मांडीच लागते.

डीलॉर्मची पुढची गोष्ट आम्हाला जास्त आवडली. तीन वर्षांनी, 1948 साली, त्याने आणि आर्थर वॉटकिन्सने आपलीच पद्धत दुरुस्त केली. 70 ते 100 वेळांची गरजच नाही, ते फार होतं, असं त्यांनी मान्य केलं. तीन फेऱ्या पुरेत: पहिली निम्म्या वजनाची, दुसरी पाऊण वजनाची, तिसरी पूर्ण वजनाची. ज्याने पद्धत काढली त्यानेच ती कमी केली. आजही जगभर तीन फेऱ्या, दहा वेळा असं जे सांगतात, त्याचं मूळ इथे आहे.

यात बायका कुठे होत्या? होत्या, पण त्यांची नावं शोधावी लागतात. कॅलिफोर्नियात सँटा मोनिकाच्या किनाऱ्यावर ॲबी स्टॉकटन नावाची तरुणी भल्याभल्यांना डोक्यावर उचलून दाखवायची. 1944 पासून ती एका व्यायाम मासिकात बायकांनी वजन उचलण्याविषयी सदर लिहीत होती. डॉक्टर फ्रान्सिस हेलेब्रँट यांनी सारा जेन हाउट्झ यांच्यासोबत 1956 साली प्रसिद्ध केलेला अभ्यास तर या विषयाचा पाया मानतात. त्यांनी दाखवलं, की नुसतं पुन्हा पुन्हा केल्याने स्नायूची क्षमता फारशी वाढत नाही. नेहमीच्या मर्यादेपलीकडे त्याला ताण बसावा लागतो. म्हणजे आमच्या ताईंच्या प्रश्नाचं उत्तर एका बाईनेच देऊन ठेवलं होतं, आमच्या जन्माच्याही आधी. आमच्यापर्यंत ते पोचलं नव्हतं, इतकंच.

इथे एक दुरुस्ती करायला हवी, नाहीतर कुणी उद्याच सिमेंटची गोणी उचलायला जाईल. जड म्हणजे किती जड, यावर पुढे पुष्कळ वाद झाला. 2012 साली कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात तरुणांना 10 आठवडे पायाचा व्यायाम दिला. काहींना आपल्या कमाल ताकदीच्या 80 टक्के वजन होतं, काहींना फक्त 30 टक्के. पण हलकं वजनवाल्यांनी पाय आणखी एकदाही उचलवेना इथपर्यंत जायचं, अशी अट होती. स्नायूंची वाढ दोन्हीकडे सारखीच झाली. कमाल वजन उचलायची ताकद मात्र जड वजनवाल्यांची जास्त वाढली. म्हणजे तालमीतले शेकडो बैठका मारणारे वस्ताद चुकत नव्हते. ओझं कमी असेल तर थकव्यापर्यंत जावं लागतं. आपण खुरपणी करताना कंटाळतो, कंबर दुखते, पण मांडीचा स्नायू त्या टोकाला जात नाही.

दुसरी अडचण दम आणि ताकद यांच्या भांडणाची. रॉबर्ट हिक्सन नावाच्या संशोधकाला स्वतःला वजनं उचलायची हौस होती. पळायचा व्यायाम जोडला तशी आपली ताकद उतरते आहे, असं त्याला वाटलं. 1980 साली त्याने तीन गट केले: एक फक्त वजनाचा, एक फक्त दमाचा आणि एक दोन्ही करणारा. दोन्ही करणाऱ्यांची ताकद सहा-सात आठवडे वाढली, मग अडली आणि शेवटी चक्क घसरली. त्यांचा व्यायाम फार कडक होता आणि साध्या चालण्याने असं होत नाही, हे नंतरच्या अभ्यासांतून कळलं. तरी ऊसतोडीच्या किंवा कापणीच्या दिवसांत अंगावर मास धरत नाही, हा आपला अनुभव त्याच्या शेजारी ठेवून बघावासा वाटतो. दिवसभर राबून आल्यावर शरीर दुरुस्तीला लागतं, वाढीला त्याला उसंत मिळत नाही.

उसंत म्हणजे आळस नव्हे. 1997 साली स्टुअर्ट फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी मोजून दाखवलं, की एकदा नीट वजन उचललं की 48 तासांनंतरही स्नायू नेहमीपेक्षा जास्त वेगाने नवं प्रथिन बांधत असतो. काम संपल्यावर बांधकाम सुरू होतं. म्हणून एक दिवसाआड व्यायाम. आणि बांधकामाला माल लागतो. आपल्या देशाच्या शिफारशीप्रमाणे 55 किलो वजनाच्या बाईला दिवसाला सुमारे 46 ग्रॅम प्रथिनं हवीत. एका भाकरीतून साधारण सहा-सात ग्रॅम मिळतात, एका अंड्यातून सहा. सगळ्यांची जेवणं झाल्यावर डाळीचं वरचं पाणी आपल्या ताटात येत असेल, तर हिशोब जमत नाही. गटाची वही आपण पैशापैशाला जुळवतो, हा हिशोब कुणी मांडलाय?

आता मर्यादेबद्दल. आमच्यातल्या दोघी तालुक्याच्या गावी एका जिममध्ये चौकशीला गेल्या होत्या. तिथल्या मुलाने सांगितलं, "काकू, तुम्ही चालायच्या मशीनवर चाला. वजनं उचलली तर पुरुषांसारखे दंड होतील." काकू बिचाऱ्या घाबरून परत आल्या. तर ऐका. 2005 साली अमेरिकेत एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. 585 तरुण माणसं, त्यांत 342 बायका. सगळ्यांनी 12 आठवडे फक्त एकाच हाताचा व्यायाम केला. स्नायूची जाडी कुणाची अजिबात वाढली नाही, उलट किंचित घटली, तर कुणाची 59 टक्के वाढली. व्यायाम एकच, फळ इतकं वेगळं. ज्याच्या त्याच्या अंगात काय वाढून ठेवलंय ते असं असतं. आकारात पुरुष थोडे पुढे राहिले, पण मूळ ताकदीच्या तुलनेत बायकांची ताकद पुरुषांपेक्षा जास्त वाढली. जाड दंड व्हायला पुरुषांच्या शरीरातलं टेस्टोस्टेरॉन हे द्रव्य लागतं, ते आपल्यात फार थोडं. वर्षानुवर्षं दिवसभर तेच करणाऱ्या खेळाडू बायकांचेही दंड सहजासहजी होत नाहीत. त्यामुळे ही भीती म्हणजे दुधावर साय येईल म्हणून दूधच न तापवण्यासारखं आहे.

वेगाबद्दलही एक गोष्ट लक्षात ठेवायची. पहिल्या महिन्या-दीड महिन्यात ताकद भराभर वाढते आणि आरशात काहीच दिसत नाही. 1979 साली मोरितानी आणि डीव्ह्रीस यांनी याचं कारण दाखवलं: सुरुवातीची वाढ मज्जातंतूंची असते. आहेत तेच तंतू एकदम कामाला लावायला शरीर शिकतं. स्नायू भरायला त्यानंतर वेळ लागतो. पुढे पुढे वाढीचा वेग मंदावतो आणि पाच वर्षं करणारीला नवशिकीइतकं फळ मिळत नाही. बायका बहुतेक वेळा पहिल्या महिन्यातच सोडतात, काही दिसत नाही म्हणून.

या सगळ्या इतिहासात आम्हाला सगळ्यांत जवळचं वाटलं ते बोस्टनच्या वृद्धाश्रमातलं पान. 1990 साली डॉक्टर मारिया फिआटरोन यांनी 86 ते 96 वर्षं वयाच्या 10 जणांना पायाचा जड व्यायाम द्यायचं ठरवलं. थकलेली, अनेक दुखण्यांची माणसं. या वयात वजन उचलायला लावायचं म्हणजे जिवाशी खेळ, असं तेव्हा वाटत असे. आठवड्यातून तीनदा, तीन फेऱ्या, प्रत्येक फेरीत 8 वेळा. आधी कमाल ताकदीच्या निम्मं वजन, मग 80 टक्क्यांपर्यंत. डीलॉर्मचीच पद्धत, नव्वदीतल्या पायांना. 9 जणांनी 8 आठवडे पुरे केले. मांडीतला स्नायू सरासरी 9 टक्के वाढला आणि ताकद वाढली 174 टक्के. एका पावलापुढे दुसरं पाऊल टेकवत एका रेषेत चालण्याचा वेग जवळजवळ दीडपट झाला. दोघांनी काठी सोडली. हातांचा आधार घेतल्याशिवाय खुर्चीतून उठता न येणाऱ्या तिघांपैकी एकाला ते जमू लागलं. आमच्या ताईंनी हे ऐकल्यावर विचारलं, "आणि बाकीचे दोघं?" बाकीच्या दोघांना नाही जमलं. तेही सांगायला हवं.

चार वर्षांनी त्याच डॉक्टरांनी 100 जणांवर मोठा अभ्यास केला, त्यांत 63 बायका होत्या. काहींना व्यायाम, काहींना पौष्टिक पेय, काहींना दोन्ही. ज्यांना नुसतं पेय दिलं त्यांचा अशक्तपणा काही कमी झाला नाही. टीव्हीवर डबे विकणारे हे कधी सांगत नाहीत.

मग आम्ही काय केलं? तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन घेतला. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, वजनकाटा नको. सुरुवातीला दोन लिटर. कॅन छातीशी धरायचा, खाटेच्या कडेवर बसायचं आणि उठायचं, 10 वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. दहावी खेप सोपी वाटू लागली की अर्धा लिटर वाढवायचं. ज्यांना नुसतंच उठणं जड जात होतं, त्यांनी कॅनशिवाय सुरुवात केली. उठताना श्वास धरायचा नाही, सोडत सोडत उठायचं. ज्यांचं अंग बाहेर येतं, बीपी आहे, पोटाचं ऑपरेशन झालंय, त्यांनी आधी आरोग्य केंद्रात दाखवून यायचं, हे आम्ही बजावून सांगितलं. एकीने लाजेपोटी अंगाचं दुखणं लपवलं होतं. ते या निमित्ताने डॉक्टरबाईंपर्यंत पोचलं, हे कॅनपेक्षा मोठं काम झालं.

ताईंचा कॅन मे महिन्यापर्यंत चार लिटरवर आला होता आणि बैठकीतून त्या एकच हात टेकून, शेजारणीच्या खांद्याशिवाय उठायला लागल्या होत्या. मग मृगाचा पाऊस आला, पेरणी लागली आणि सगळ्यांचा चार आठवडे खंड पडला. बोस्टनच्या म्हाताऱ्यांनीही चार आठवडे सोडून पाहिलं होतं, तेव्हा त्यांची ताकद 32 टक्क्यांनी उतरली होती. आम्ही हे आधीच वाचलेलं होतं, म्हणून कुणी हिरमुसलं नाही. पेरणी आटपल्यावर ताईंनी कॅन उचलून बघितला, नाक मुरडलं, झाकण उघडलं आणि दीड लिटर पाणी अंगणातल्या तुळशीला ओतून पुन्हा खाटेवर बसल्या.